गेमिंग मॉनिटर: लुकलुक कुठली, धूसरपणा कुठला आणि कशावर काय इलाज

नवा मॉनिटर आणला, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र ताजं करणारा) आहे, तरी तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. किंवा गेममध्ये झटकन वळलं की समोरची भिंत, खिडक्या, शत्रू सगळं फासल्यासारखं दिसतं. किंवा लोडिंगच्या काळ्या पडद्यावर उजेड थरथरत राहतो. या तीन तक्रारी एकाच दमात सांगितल्या जातात आणि उत्तरही बहुतेक वेळा एकच मिळतं: केबल बदलून बघा.

तिन्हींची कारणं वेगळी आहेत. शिवाय एकीचा इलाज दुसरीचं दुखणं वाढवू शकतो, कारण हलत्या चित्रातला धूसरपणा घालवायचा सगळ्यात जोरकस उपाय म्हणजे बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, मुद्दाम लुकलुकवणं. ज्याचं डोकं आधीच लुकलुकीने दुखतंय त्याने हा पर्याय सुरू केला, तर त्रास दुप्पट होतो. या सगळ्यातून मी गेलो आहे, म्हणून ज्या क्रमाने शोध घेतला तर वेळ वाया जात नाही तो क्रम इथे देतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

हाताशी काय हवं

- मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर. शेवटचं एखादं अक्षर बदललं तरी आतलं पॅनेल वेगळं असू शकतं.
- एक साधी पेन्सिल.
- शटरचा वेग हाताने ठरवता येईल असा प्रो मोड असलेला फोन. स्लो मोशन असेल तर उत्तम.
- ब्राउझरमध्ये ‘टेस्टयूएफओ’ ही मोफत चाचणी. ‘ब्लर बस्टर्स’ मंडळींनी बनवलेली आहे. पडद्यावर उडत्या तबकड्या डावीकडून उजवीकडे सरकत राहतात.
- जास्तीची एक चांगली डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय केबल, मित्राकडून मागून आणलेली चालेल.
- खरेदीचं बिल आणि वॉरंटीचे कागद. दोष निघालाच तर शोधाशोध नको.
- पूर्ण अंधार करता येईल अशी खोली.

१. पडदा खरंच पूर्ण वेगाने चालतोय का?

विंडोज बऱ्याचदा नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जा आणि रिफ्रेश रेट पाहा. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल कुठे खोचली आहे ते तपासा. डेस्कटॉपवाल्यांची नेहमीची अडचण म्हणजे केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. दुसरी अडचण मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टची: कित्येक मॉडेलांत डिस्प्लेपोर्टवरून पूर्ण वेग मिळतो आणि एचडीएमआयवरून कमी. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात दिलेलं असतं. प्लेस्टेशन ५ असेल तर १२० हर्ट्झ ही कमाल मर्यादा आहे, १६५चा मॉनिटर असला तरी.

याच पायरीत गेममधला ‘मोशन ब्लर’ बंद करून टाका. तो गेमने मुद्दाम रंगवलेला धूसरपणा असतो. तो चालू ठेवून मॉनिटरला दोष देण्यात अर्थ नाही.

एफपीएसही, म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) देतोय तेही, पाहून घ्या. पडदा १४४ वेळा ताजा होतोय आणि ग्राफिक्स कार्ड ५५ फ्रेम देतंय, तर डोळ्यांना दिसणार ५५च.

२. बाहेरची लुकलुक बाजूला काढा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोनच्या कॅमेऱ्यात पडद्यावर सरकणारे पट्टे दिसले आणि खोलीत ट्यूब चालू असेल, तर ते पट्टे कुणाचे हे सांगता येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या दिवे बंद करून करा.

पडदा क्षणभर पूर्ण काळा होऊन परत येत असेल, तर ती लुकलुक नव्हे, सिग्नल तुटतोय. इथे मात्र ‘केबल बदलून बघा’ हे उत्तर बरोबर आहे. दुसरी केबल लावा, रिफ्रेश रेट एक पायरी खाली आणा. थांबलं तर केबलला तेवढा डेटा झेपत नव्हता. एक चमत्कारिक वाटणारं पण खरं कारण सांगतो: गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसताना होणाऱ्या स्थिर विद्युतच्या ठिणगीनेही काही मॉनिटर क्षणभर काळे पडतात. तुमच्याकडे नेमकं उठताना-बसतानाच होत असेल, तर चांगल्या आवरणाची केबल वापरा आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

३. बॅकलाइटची लुकलुक: पेन्सिलची चाचणी

डोळे चुरचुरणाऱ्यांनी या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

एलसीडी पडद्यामागे एलईडीचा उजेड असतो. तो कमी करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रवाहच कमी करतात, उजेड संथ राहतो. दुसरीत एलईडी भराभर चालू-बंद करतात. तिला पीडब्ल्यूएम म्हणतात. समजा ही चालू-बंद २४० हर्ट्झने होते आणि तुम्ही ब्राइटनेस २५ टक्क्यांवर ठेवला आहे. एक आवर्तन साधारण ४.२ मिलिसेकंदांचं, त्यातला जेमतेम १ मिलिसेकंद उजेड आणि उरलेला ३.१ मिलिसेकंद मिट्ट काळोख. डोळ्यांना लुकलुक थेट जाणवत नाही, पण काहींना संध्याकाळपर्यंत कपाळ जड होतं. म्हणून ‘रात्री ब्राइटनेस कमी केला की जास्त त्रास होतो’ ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय पीडब्ल्यूएमवर जातो.

चाचणी अशी करा. खोलीत पूर्ण अंधार. पडद्यावर पांढरंशुभ्र पान, पूर्ण आकारात. ब्राइटनेस २० टक्के. पेन्सिल एका टोकाला दोन बोटांत हलकेच धरा, पडद्यापासून वीतभर पुढे, आणि पंख्यासारखी डावी-उजवी जोरात हलवा. नजर पेन्सिलमागे फिरवू नका, पडद्याच्या मध्यावर ठेवा. उजेड संथ असेल तर पेन्सिलीचा एक सलग, धुरकट पंखा दिसतो. पीडब्ल्यूएम असेल तर पंख्याच्या जागी सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात, कडा स्पष्ट असलेल्या, हाताची बोटं फाकल्यासारख्या. एकदा पाहिलं की फरक विसरत नाही.

आता ब्राइटनेस दहा-दहाने वाढवत तीच चाचणी पुन्हा करा. १०० टक्क्यांवर पीडब्ल्यूएमला बंद ठेवायला वेळच उरत नाही, त्यामुळे पंखा सलग होतो. काही मॉनिटर एका ठरावीक पातळीपर्यंत प्रवाह कमी करतात आणि त्याखालीच पीडब्ल्यूएम वापरतात. तुमच्या मॉनिटरवर सुट्या पेन्सिली कुठल्या आकड्याला नाहीशा होतात तो आकडा लिहून ठेवा. त्याच्या खाली ब्राइटनेस कधीच न्यायचा नाही, एवढ्यावरच बऱ्याच जणांचं काम भागतं.

फोनने खात्री करायची तर प्रो मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि पांढऱ्या पानावर रोखा. गडद-उजळ आडवे पट्टे दिसले तर उजेड कमीजास्त होतोय. ओएलईडी पडद्यावर (ज्यात बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) मात्र घाई करू नका. तिथे दर रिफ्रेशला उजेडात एक छोटी खाच पडते आणि ती कॅमेऱ्यात बारीक पट्ट्यासारखी दिसते. पूर्ण काळोख करणाऱ्या पीडब्ल्यूएमइतकी ती खोल नसते.

पीडब्ल्यूएम निघालं आणि मॉनिटर बदलणं शक्य नसेल तर ब्राइटनेस त्या सुरक्षित आकड्याच्या वर ठेवा आणि चित्र फार प्रखर वाटलं तर कॉन्ट्रास्ट किंवा लाल-हिरवा-निळा तिन्हींचे आकडे सारखेच खाली आणा. काळा-पांढऱ्यातला फरक थोडा मरतो, डोळे वाचतात. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडणारा मंद दिवा लावला तर प्रखरपणा आणखी कमी वाटतो, फक्त तो दिवा स्वतः लुकलुकणारा नको.

सगळंच पीडब्ल्यूएम वाईट नसतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘१७८९’ या २०१५च्या शिफारशींनुसार पूर्ण चालू-बंद होणारा उजेडही १२५० हर्ट्झच्या वर कमी जोखमीचा आणि ३००० हर्ट्झच्या वर निर्धोक धरला आहे. जुन्या मॉनिटरांतला २०० ते २४० हर्ट्झचा प्रकार यात कुठेच बसत नाही. मिनी-एलईडीच्या (बॅकलाइटमध्ये पुष्कळ बारीक एलईडी असलेल्या) पडद्यांत अजूनही पीडब्ल्यूएम सर्रास असतं, पण बरेचदा पुष्कळ वरच्या वेगाचं. त्यामुळे नुसतं ‘आहे की नाही’ असं न विचारता ‘किती हर्ट्झचं’ असं विचारा.

४. अंधाऱ्या दृश्यांतली थरथर: व्हीआरआर

लोडिंग स्क्रीन, मेनू, गुहेतलं दृश्य अशा ठिकाणी गडद करडा रंग थरथरत असेल आणि डेस्कटॉपवर सगळं शांत असेल, तर कारण जवळपास नक्की व्हीआरआर, म्हणजे बदलता रिफ्रेश रेट, आहे. जी-सिंक, फ्रीसिंक ही त्याचीच नावं. यात मॉनिटर ग्राफिक्स कार्डाच्या तालावर चालतो: ९० फ्रेम आल्या तर ९० हर्ट्झ, ६० आल्या तर ६०. चित्र फाटत नाही, अडखळत नाही. पण पॅनेलचे रंग कारखान्यात ठरावीक वेगाला जुळवलेले असतात. फ्रेम जास्त वेळ पडद्यावर राहिली की उजेडाची पातळी किंचित सरकते, आणि गडद रंगात ते किंचितही डोळ्यांत भरतं. व्हीए आणि ओएलईडी पॅनेलांत हे जास्त, आयपीएसमध्ये कमी (व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार).

सगळ्यात वाईट थरथर एका सीमारेषेवर होते. मॉनिटरची व्हीआरआर मर्यादा ४८ हर्ट्झपासून सुरू होत असेल आणि फ्रेम ४७ झाल्या, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते, म्हणजे पडदा एकदम ९४ हर्ट्झवर उडी मारतो. फ्रेम ४९ झाल्या की परत खाली. ४५ ते ५२ यांच्या मध्ये झुलणारा गेम म्हणजे सतत वर-खाली उड्या.

इलाज या क्रमाने करा:

- गेम सतत टिकवू शकेल अशा आकड्यावर एफपीएस बांधा. ६५ ते ११० यांच्यात भटकणाऱ्या गेमपेक्षा ७०ला बांधलेला गेम जास्त शांत दिसतो.
- एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक ‘फक्त फुल स्क्रीन’साठी ठेवा. खिडकीतल्या प्रोग्रॅमांसाठी चालू ठेवलं की ब्राउझर, चॅट अशा ठिकाणीही पडदा चमकू लागतो.
- मॉनिटरच्या मेनूत फ्लिकर कमी करायचा पर्याय आहे का पाहा. काही ओएलईडी मॉडेलांत असतो. तो व्हीआरआरची मर्यादा आकसतो, म्हणजे उड्या लहान होतात.
- तरीही त्रास असेल तर त्या एका गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

लोडिंग स्क्रीनवरची थरथर पूर्ण जात नाही, कारण तिथे फ्रेम शून्यावरून शेकड्यावर उसळतात. त्यासाठी मॉनिटर परत करायला धावू नका.

५. धूसरपणा: दोन वेगळी कारणं

टेस्टयूएफओ उघडा, वेग ९६० पिक्सेल प्रतिसेकंद ठेवा आणि एका तबकडीवर नजर खिळवून तिच्यासोबत डोळे फिरवा.

पहिलं कारण पडद्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. एलसीडी असो वा ओएलईडी, एक फ्रेम पुढची येईपर्यंत जागेवर स्थिर उभी असते. तुमची नजर मात्र सरकत असते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबते, तेवढ्यात नजर १६ पिक्सेल पुढे जाते, आणि ते १६ पिक्सेल डोळ्यात फासले जातात. १२० हर्ट्झला ८, २४० हर्ट्झला ४. जुन्या डबा (सीआरटी) मॉनिटरांवर हे होत नसे, कारण तिथे प्रत्येक ठिपका उजळून एक-दोन मिलिसेकंदांत विझायचा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सायबर कॅफेतल्या जुनाट डब्यावर हलतं चित्र आजच्या साध्या एलसीडीपेक्षा रेखीव दिसायचं ते यामुळेच, आणि ६० हर्ट्झला त्याचा पडदा डोळ्यांना टोचायचा तोही यामुळेच.

दुसरं कारण पिक्सेलचा आळस. एलसीडीतला पिक्सेल एका रंगातून दुसऱ्यात जायला वेळ घेतो. व्हीए पॅनेलात काळ्यातून गडद करड्यात जाताना हा वेळ २० मिलिसेकंदांच्या वरही जातो. अंधाऱ्या गेममध्ये वस्तूमागे काळं शेपूट दिसतं ते हेच. ओएलईडीत हे कारण जवळपास उरतच नाही, पहिलं मात्र राहतं. म्हणून ६० फ्रेमचा गेम ओएलईडीवरही धूसर दिसतो.

तुमच्याकडे कुठलं? तबकडीच्या दोन्ही कडा सारख्याच मऊ झाल्या असतील तर पहिलं. फक्त मागच्या बाजूला शेपूट किंवा सावली असेल तर दुसरं.

६. ओव्हरड्राइव्ह जुळवा

शेपटाचा इलाज मॉनिटरच्या मेनूतच असतो. ओव्हरड्राइव्ह, रिस्पॉन्स टाइम, ट्रेस फ्री, कंपनीगणिक नाव वेगळं. पिक्सेलला जरा जास्त जोराचा धक्का देऊन लवकर पोचवायचं, एवढंच त्याचं काम. तबकड्या चालू ठेवून एकेक पायरी वाढवा. शेपूट आखडत जाईल आणि मग एका पायरीवर तबकडीमागे उलटा, चमकदार ठसा उमटेल. पिक्सेल मुक्कामाच्या पुढे जाऊन मागे येतोय. त्याच्या अलीकडची पायरी तुमची. सगळ्यात वरची ‘एक्स्ट्रीम’ पायरी बहुतेक मॉनिटरांत खोक्यावर आकडा छापण्यापुरतीच असते, ती वापरू नका.

ही जुळणी तुमचा गेम प्रत्यक्षात जेवढ्या फ्रेम देतो त्या वेगाला करा. १६५ हर्ट्झला सुंदर दिसणारी पायरी ७० हर्ट्झला ठसे उमटवते.

७. स्ट्रोबिंग: विचार करूनच

पहिल्या कारणावर दोनच उपाय आहेत. एक, फ्रेम आणि हर्ट्झ दोन्ही वाढवणं. पण फक्त त्या वाटेने डबा मॉनिटरच्या तोडीला जायचं तर हजार हर्ट्झ आणि हजार फ्रेम लागतात. दुसरा स्ट्रोबिंग: दर फ्रेमला बॅकलाइट एखादा मिलिसेकंदच उजळायचा, बाकी वेळ अंधार. २०१२-१३च्या सुमारास एनव्हीडियाचं थ्रीडी चष्म्यांसाठीचं लाइटबूस्ट खेळाडूंनी याच कामाला जुंपलं. पुढे त्याचंच यूएलएमबी झालं. झोवीचं डायअ‍ॅक, आसूसचं ईएलएमबी, एलजीचं एमबीआर ही याच कुळातली नावं.

चांगलं जमलं तर परिणाम थक्क करणारा असतो. सरकत्या नकाशातली रस्त्यांची नावं वाचता येतात. पण अटी कडक आहेत.

- फ्रेम आणि हर्ट्झ तंतोतंत जुळायला हवेत. १२० हर्ट्झच्या स्ट्रोबवर ६० फ्रेमचा गेम चालवला तर प्रत्येक फ्रेम दोनदा चमकते आणि प्रत्येक वस्तू दुहेरी दिसते.
- उजेड बराच कमी होतो. दिवसा खिडकीसमोर टेबल असेल तर सोडून द्या.
- बहुतेक मॉडेलांत व्हीआरआर बंद करावं लागतं.
- पडद्याचा मध्य रेखीव आणि वर-खाली दुहेरी कडा असं दिसलं तर पिक्सेल वेळेत पोचत नाहीत. १४४चा मॉनिटर १२० किंवा १०० हर्ट्झला चालवा. पिक्सेलला जास्त सवड मिळते आणि चित्र सुधारतं.
- पांढऱ्या वस्तूमागे लालसर कड दिसली तर तो बॅकलाइटमधल्या लाल फॉस्फरचा, म्हणजे लाल उजेड देणाऱ्या लेपाचा, दोष. जास्त रंगव्याप्तीच्या काही पडद्यांत तो विझायला काही मिलिसेकंद घेतो. मेनूतून हे जात नाही.

तिसऱ्या पायरीत ज्यांना पीडब्ल्यूएमचा त्रास निघाला त्यांनी स्ट्रोबिंगच्या वाटेला जाऊ नये. १२० हर्ट्झचा स्ट्रोब ही त्याहून खोल आणि मंद लुकलुक आहे. अशांनी पैसे जास्त हर्ट्झवर आणि संथ बॅकलाइटवर घालावेत. अर्धशिशी किंवा फेफऱ्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पर्याय सुरूच करू नका. ही गोष्ट मी कळकळीने सांगतोय.

इतरांनी सामन्यापुरतं चालू करावं आणि वाचन-लेखनाला बंद. मॉनिटरच्या मेनूत दोन प्रोफाइल करून ठेवली की बटणावर काम होतं.

८. खरेदीला जाताना

खोक्यावरचं ‘१ एमएस’ नुसतं वाचू नका, त्यापुढची अक्षरं वाचा. जीटीजी (ग्रे टू ग्रे) लिहिलं असेल तर तो पिक्सेलचा वेग, बहुधा सगळ्यात अनुकूल रंगबदलाचा आणि सगळ्यात वरच्या ओव्हरड्राइव्हचा. एमपीआरटी (हलत्या चित्राचा रिस्पॉन्स टाइम) लिहिलं असेल तर तो आकडा बहुतेक वेळा स्ट्रोबिंग चालू ठेवून मिळवलेला असतो. दोन मॉनिटरांचे हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२२मध्ये दोन उपयोगी शिक्के आणले. क्लिअरएमआर हा हलत्या चित्रातल्या स्पष्ट आणि धूसर पिक्सेलांचं प्रमाण सांगतो, आकडा मोठा तेवढं चांगलं. अ‍ॅडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले या शिक्क्यासाठी मॉनिटर कारखान्यातून आला तशाच सेटिंगवर तपासतात आणि त्यात फ्लिकरही पाहतात. ‘फ्लिकर-फ्री’ शब्द कुठल्या चाचणीच्या आधाराने छापला आहे तेही विचारा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर पेन्सिल खिशात असू द्या. दुकानातल्या दिव्यांमुळे चाचणी पक्की होत नाही, पण ब्राइटनेस २०वर आणून सुट्या पेन्सिली ठळक दिसल्याच तर तो मॉनिटर घेऊ नका. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत किती दिवसांची आणि ‘डोळ्यांना त्रास’ या कारणाला परतावा मिळतो की फक्त बदलून मिळतं, हे पैसे भरण्याआधी वाचा. खोका आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर तोंडी वर्णनावर भिस्त ठेवू नका, कारण तिथे लखलखीत उजेडात डेस्कटॉप उघडतात आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत देतात. अंधाऱ्या खोलीतला स्लो मोशन व्हिडिओ, त्यात मॉनिटरचा मेनू दिसेल असा, ब्राइटनेस आणि रिफ्रेश रेटचे आकडे, दोन वेगळ्या केबलींवर तोच दोष आल्याची नोंद आणि बिलाची प्रत, एवढं ईमेलने आधी पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.